ओठ मोजत होते

वाल्देसेरा, ३ नोव्हेंबर १९७७

प्रिय कासिल्दा मावशी,

तू म्हणशील, दुलीला आज मावशीची आठवण कशी झाली, नक्की काहीतरी काम असणार. काम नाही, बातमी आहे. आमच्या खानावळीत माणूस उतरलाय. हसू नकोस. वाल्देसेरात हिवाळ्याच्या तोंडावर पाहुणा येणं म्हणजे खेचराला पिल्लू होण्यासारखं आहे. गाव रिकामं होत चाललंय. आई गेल्यापासून मी रोज सहा खुर्च्या पुसते आणि त्यांतल्या पाच तशाच राहतात.

आणि पाहुणा कोण, तर एवेलियो मोंतार्को! तोच तो, 'काळ्या मठाचा सरदार'. लहानपणी मी तुझ्याबरोबर सोरियाच्या थिएटरात तो सिनेमा पाहिला आणि आठवडाभर एकटी संडासाला गेले नव्हते, आठवतंय? आता केस पिकलेत, कोटाची कॉलर झिजलीय. पण डोळे तेच. बसमधून उतरले तेव्हा ड्रायव्हर मेल्कियादेस गियर टाकायचा विसरला.

एकच वाईट. त्यांचा घसा गेलाय. बोलत नाहीत, शाळेच्या पाटीवर खडूने लिहितात. "सूप छान आहे." "कोळसा आणखी मिळेल का?" फादर सातुरिओ रोज येऊन मागे लागतात, "एकदाच म्हणा हो ते वाक्य, 'या रात्रीला सकाळ नाही'! हळू म्हणा, हवं तर!" ते हसतात आणि गळ्याला हात लावतात. माणूस इतका एकटा आहे मावशी, की मला माझंच बरं वाटायला लागलं.

तू त्या सिनेमात आवाज दिला होतास ना? ते कसे होते तेव्हा? सगळं लिही.

तुझी,
दुली

---

माद्रिद, १२ नोव्हेंबर

दुली, साखरे,

आधी ओरडून घेते. चार महिने पत्र नाही, आणि आलं ते एका म्हाताऱ्या नटासाठी. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरीला उशिरा पालवी फुटली.

आता ऐक. तुझ्या सरदाराचा घसा गेलेला नाही. त्याला आवाज कधी नव्हताच.

आमच्या धंद्यात हे बाहेर सांगत नाहीत. लोकांचं स्वप्न कशाला मोडायचं, म्हणून आम्ही आमची नावं गिळतो. पण तू घरची. आपल्याकडे शूटिंगला आवाज धरायची रीतच नाही. कॅमेरा खडखडत असतो, दिग्दर्शक ओरडत असतो, इटलीहून आलेली नटी तिच्या भाषेत बडबडत असते. मग महिन्याभराने आम्ही एका अंधाऱ्या खोलीत उभे राहतो आणि पडद्यावरच्या ओठांवर शब्द बसवतो. तीस वर्षं मी तेच केलं. किती जणींच्या तोंडून बोलले, माझं मला आठवत नाही.

मोंतार्कोचा खरा आवाज बिजागरीसारखा, पातळ, किरटा. त्याला संवाद पाठ होत नसत आणि कुणी पाठ करायलाही लावत नसे. तो आकडे म्हणायचा. प्रेमाच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आणून "एक, दोन, तीन", रागात दात खाऊन "चार, पाच". त्या सिनेमातला गळा दाबायचा प्रसंग आहे ना, तिथे तो सावकाश सातपर्यंत मोजतो, आणि सातवर नायिका किंचाळते. ती किंकाळी माझी. त्या दिवशी ती बसेपर्यंत माझा घसा सोलून निघाला होता.

आणि ज्या आवाजावर सगळा देश भाळला, तो इपोलितोचा. इपोलितो माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो, लावापिएसमध्ये, कोळशाच्या वखारीवरच्या मजल्यावर. बायको गेल्यापासून एकटाच. सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडं टाकतो आणि टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी घेऊन रजई पांघरून बसतो. अजून "सुप्रभात, कासिल्दा" म्हणाला की मी केस सारखे करते, या वयात.

हल्ली नवे दिग्दर्शक शूटिंगलाच आवाज धरतात. म्हणून मोंतार्कोला कुणी विचारत नाही. सूप पाज बापड्याला. पण हे सगळं पोटात ठेव.

मावशी

---

वाल्देसेरा, २९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पोटात राहिलं नाही.

एका दुपारी ते सूप ढवळत बसले होते. मी म्हटलं, "सरदार, आता माझ्यापुढे पाटी नको. मला सगळं ठाऊक आहे." गंमत म्हणून म्हटलं, आणि म्हटलं त्या क्षणी जीभ चावली. ते रागावले नाहीत. त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं. मग पाटीवर लिहिलं: "तो अजून आहे?" मी म्हटलं, आहे की, माझ्या मावशीच्या शेजारीच. त्यांनी आणखी विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, जुन्या सोबत्याला भेटावंसं वाटत असेल. दुसऱ्या दिवशी ते घशाच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून माद्रिदला गेले.

शनिवारी परत आले. मी ओट्यापाशी लसूण सोलत होते. मागून आवाज आला, "ऑब्दुलिया."

मावशी, तोच आवाज. सोरियाच्या थिएटरातला. माझ्या हातातली सुरी पडली. माझ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यात माझं नाव कुणी असं घेतलं नव्हतं. म्हणजे तू म्हणालीस ते सगळंच खरं नव्हतं. आवाज आत दबून राहिला होता आणि एका चांगल्या डॉक्टरने तो बाहेर काढला, इतकंच. रविवारी प्रार्थनेनंतर ते माझ्या खानावळीत उभे राहून "या रात्रीला सकाळ नाही" म्हणाले. फादर सातुरिओ ढसाढसा रडले आणि त्यांनी सगळ्यांना दारू पाजली, स्वतःच्या पैशाने. यावरून समज.

त्यांनी मला मागणी घातलीय. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर लग्न. मी हो म्हटलं.

फक्त दुपारी गाव झोपलं की त्यांच्या खोलीतून बारीक आवाज येतो. लहान मूल पाढे म्हणतं तसा. विचारलं तर म्हणाले, डॉक्टरने घशाचा व्यायाम दिलाय.

आनंद झाला ना तुला?

दुली

---

माद्रिद, ५ डिसेंबर

दुली,

बस. पत्र उभ्याने वाचू नकोस.

इपोलितो गेला. तुझं पत्र यायच्या आधीच त्याला मातीत दिलं. सकाळी दूधवाल्याला तो शेगडीपाशी सापडला. सगळे म्हणाले, निखाऱ्यांचा धूर कोंडला, दरवर्षी कुणी ना कुणी असा जातो. मीही तेच म्हणाले. मीच त्याचे डोळे मिटले. तोंड मात्र मिटेना. तो इतका मोठ्याने काहीतरी सांगायला निघालेला दिसत होता की मला वाटलं, आता बोलेल.

त्याची शेजारीण, पुरा नावाची, मला जिन्यात म्हणाली, "अहो, त्याच्याकडे कोण लहान मूल आलं होतं? भिंतीपलीकडे सकाळी आकडे म्हणत होतं. एक, दोन, तीन. सातला थांबलं." मी तिला म्हटलं, तुमचे कान वाजले असतील.

काल तुझं पत्र उघडलं आणि कळलं, शेजारणीचे कान वाजले नव्हते.

पोरी, आवाज कुणाच्या आत दबून राहत नसतो. हा इपोलितोचा आहे. कसा ते मला विचारू नकोस, मी शिकलेली बाई नाही. पण ओठ आणि आवाज यांच्यामधली फट बघण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यात मला कुणी फसवू शकत नाही. माझ्या जिभेने इपोलितोचा जीव घेतला. तुझा घेऊ देणार नाही. मंगळवारच्या बसमध्ये बस. नेसत्या कपड्यांनिशी ये. खानावळ गेली खड्ड्यात.

तू मला लेकीसारखी आहेस हे मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते. ये.

मावशी

---

वाल्देसेरा, १२ डिसेंबर

मावशी,

इपोलितोंबद्दल वाईट वाटलं. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुझी कीव आली.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रेमाची वाक्यं बोललीस, तुला स्वतःला कुणी एक बोललं नाही. म्हणून आता माझं तुला बघवत नाही. शेजारणीला काय ऐकू आलं यावर तू एका भल्या माणसाला खुनी ठरवतेस? इथे भिंतीतून उंदीर कुरतडले तरी म्हाताऱ्या म्हणतात मेलेला आजा आला.

आणि तू ज्यांच्याबद्दल असं लिहितेस, ते तुझं नाव किती मायेने काढतात! मी त्यांना आपल्या दोघींचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "तुझी मावशी तुला काय म्हणून हाक मारते?" मी सांगितलं: "दुली, साखरे." "आणि रागावली की?" तेही सांगितलं. मी तुझी नक्कल करून दाखवली आणि ते डोळे मिटून ऐकत बसले. म्हणाले, "त्या किंकाळीशिवाय माझा सरदार अपुरा राहिला असता. त्यांना लग्नाचं आमंत्रण मी स्वतः देणार."

तेव्हा रागावू नकोस. हे पत्र तेच घेऊन येताहेत. त्यांना नीट जेवू घाल, बदामाची चिक्की आवडते त्यांना.

एक बारीकशी गोष्ट, तुझ्याच धंद्यातली, म्हणून विचारते. काल ते मला म्हणाले, "तू नसतीस तर मी थंडीने मेलो असतो." किती गोड वाक्य. पण त्यांचे ओठ तसे हलले नाहीत. 'थंडी' म्हणताना ओठ मिटायला नको होते ना? मी हसले. म्हटलं, मावशीने माझे डोळे बिघडवले.

ऑब्दुलिया

---

माद्रिद, सार्वजनिक इस्पितळ, २० डिसेंबर

दुली,

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर समजून घे.

मी जिवंत आहे. जिन्यातून इपोलितोने हाक मारली, "सुप्रभात, कासिल्दा." मला ठाऊक होतं तो मेलाय. तरी दार उघडलं. तीस वर्षं त्या आवाजाला हो म्हणायची सवय लागलेल्या बाईने आणखी काय करावं?

मोंतार्कोने तुझं पत्र टेबलावर ठेवलं, टोपी काढली. म्हणाला, "तो प्रसंग पुन्हा करू." मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आवाज इपोलितोचा आणि ओठ "एक, दोन, तीन." दुली, तुझे डोळे बिघडलेले नाहीत.

मग हात गळ्यावर आले. त्याला सातव्याला किंकाळी हवी होती, मी ती दिली नाही. दातांखाली धरून ठेवली. पण माणूस मरताना आपल्या माणसाचं नाव घेतोच. माझ्या तोंडून "दुली" निघालं आणि मला कळलं की काहीतरी आतून उपटलं गेलं. वखारवाला कोळशाचं पोतं घेऊन वर येत होता, त्याची चाहूल लागून तो पळाला.

डॉक्टर म्हणतो, घसा ठीक आहे, आवाजाच्या तारा ठीक आहेत, बोला. मी तोंड उघडते आणि नुसती हवा येते. पोलीस लिहून घेऊन गेला. माझा कागद वाचून त्याने एवढंच विचारलं: "नवरा होता का?" नर्सने तुमच्या पंचायतीला फोन लावला, पण बर्फाने तार तुटलीय.

म्हणून हे नीट वाच. माझा आवाज आता त्याच्याकडे आहे. मी तुझ्या दाराशी येऊन तुला साखरे म्हणाले, तर ती मी नाही. रडले, तर ती मी नाही. आईची शपथ घातली, तरी नाही. उघडू नकोस.

तुला माझी कीव आली असं लिहिलंस ते बरोबरच आहे. मला कुणी एकही वाक्य बोललं नाही. पण मला तू होतीस.

मावशी

---

वाल्देसेरा, २७ डिसेंबर

माझी मावशी,

आधी सांगते: मी आहे. धड आहे.

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मेल्कियादेसने आणून दिलं. बर्फ इतका होता की तो खाली न उतरताच परत गेला. मी वाचलं. खरं सांगते, अर्धंच पटलं. उरलेलं अर्धं मन म्हणत होतं, ते येतील आणि सगळं समजावून सांगतील. बाई किती मूर्ख असू शकते, ते तुझ्या भाचीकडून शिकावं.

फादर सातुरिओंना तीन गावं करायची असतात, म्हणून आमची नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना दिवेलागणीलाच होते. सगळं गाव देवळात. मी सगळ्यांसाठी सूप तापवायला मागे राहिले होते. तेवढ्यात दाराबाहेर तू म्हणालीस, "दुली, साखरे, उघड. बस नाही मिळाली, हमरस्त्यापासून चालत आले. बोटं गळून पडतील माझी."

मावशी, मी धावले. पत्र एप्रनच्या खिशात होतं आणि तरी धावले. खिटीवर हात ठेवला. "मावशी, बरी आहेस तू?" आवाज म्हणाला, "बरी आहे गं. तुझ्यावर रागावले नाही मी. मुळीच नाही."

तिथे माझा हात थांबला. तू, आणि न रागावता? चार महिने पत्र नाही म्हणून ओरडल्याशिवाय तू चिक्कीसुद्धा खाल्ली नसतीस. मी बाजूच्या खिडकीची झडप बोटभर सरकवली.

ते पायरीवर उभे होते. टोपी नाही, केसांत बर्फ. तुझा आवाज रडत होता, माझ्या आईची शपथ घालत होता, लहानपणी मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तू म्हटलेलं अंगाईगीत म्हणत होता. ते तर मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आणि ओठ सावकाश मोजत होते. मग तुझा आवाज थांबला आणि त्यांचा खरा आला, तो बारीक. "एक. दोन." मला कळलं, सातला काय हवंय. मी शालीचा बोळा तोंडात कोंबला. सात झाले. ते वाट बघत राहिले, चेहरा असा आतुर, जसा देवळात फादरच्या हातून प्रसादाचा घास घ्यायला पुढे करतात. काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग पुन्हा. दर वेळी आवाज आणखी बारीक. मला त्यांची दया आली, मावशी. उघडावंसं वाटलं, तुझ्या हाकेने नाही, त्या बारीक आवाजाने. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस स्वतःच्या तोंडाने बोलत होता आणि ऐकायला मी एकटीच होते. मी रडले, पण उघडलं नाही.

प्रार्थना सुटली तेव्हा ते पायरीवर बसलेले होते, गुडघ्यांवर बर्फ. डॉक्टर म्हणाला, हृदय. फादरनी रुमालाने जबडा बांधला, तरी तो सुटत होता. दुसऱ्या दिवशी येऊन पोलीस त्यांना घेऊन गेले. कोटाच्या खिशात इपोलितोंचा चष्मा निघाला.

हे इथवर सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता जे कुणाला सांगितलं नाही, ते तुला सांगते. आज दुपारी मी भांडी घासत होते. बाहेर लख्ख ऊन, पायरीवर कुणी नाही. आणि दाराबाहेरून तू म्हणालीस, "दुली."

मला वेड लागलंय का? तू ये. माझ्या त्या पत्रासाठी मला मार, पण ये.

दुली

---

माद्रिद, २ जानेवारी १९७८

दुली, साखरे,

आता ओरडते. चिक्की मी ओरडल्याशिवायही खाल्ली असती. बाकी सगळं तुझं बरोबर.

तुला वेड लागलेलं नाही. तो आवाज माझाच आहे. मी रात्रंदिवस यावर विचार केला, बोलता येत नसलं की विचार फार होतो. त्या आवाजाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांवर बसायची सवय मीच लावली. सरदाराचे ओठ मातीत गेले, माझे त्याला ओळखत नाहीत. तो आता बसायला ओठ शोधत फिरतोय. दुष्ट नाही गं तो, त्याला तुझी माया आहे, म्हणून तुझ्या दाराशी येतो. पण इपोलितोलाही माझी माया होती, आणि त्याच्याच हाकेला मी दार उघडलं. तेव्हा त्याला ओ देऊ नकोस. कितीही वाटलं तरी नाही. रात्री एकटीने माझी नक्कल तर मुळीच करू नकोस.

माझी खोली मी सोडली. पेटी बांधून तयार आहे. तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मेल्कियादेसच्या बसने येते, कायमची. त्या सहा खुर्च्यांतल्या एकीवर मी बसेन. तुला बोलून दाखवायचं होतं ते सगळं आता हातांनी करीन: तुझे केस विंचरीन, लसूण सोलीन, तू रडलीस तर शालीच्या टोकाने डोळे पुसीन.

फक्त एवढं लक्षात ठेव. मी येईन त्या दिवशी दाराबाहेर कुणी हाक मारली, कितीही माझ्यासारखी, तर खिटीला हात लावू नकोस. ती हाक थांबू दे. मग कुणी काहीच न बोलता, नुसती हाताने थाप मारली, तर उघड.

ती मी असेन.

मावशी